रायफल रिकामी पाहिजे

आमच्या घरात ती वस्तू आल्यापासून तिला काय म्हणायचं यावर एकमत झालेलं नाही. लेकीचे कोच तिला ‘इक्विपमेंट’ म्हणतात आणि कोणी ‘बंदूक’ म्हटलं की त्यांचं तोंड आंबट होतं. शेजारीण बंदूकच म्हणते, तेही जिन्यातून ओरडून. नवरा ‘एअर रायफल’ म्हणतो, कारण कंपनीत त्याने सगळ्यांना तसं सांगून ठेवलंय. माझे सासरे, म्हणजे आमचे आबा, तिला ‘हत्यार’ म्हणतात आणि ती खोलीत असली की तिच्याकडे पाय करून बसत नाहीत. मी काहीच म्हणत नाही. मी नुसतं ‘ती’ म्हणते. ‘ती पलंगाखालून काढ, मला झाडायचंय.’

लेक शाळेत होती तेव्हा खेळाच्या सरांनी पोरांना एकदा शहरातल्या नेमबाजीच्या हॉलवर नेलं होतं. बाकीची पोरं हात दुखले म्हणून दुसऱ्या दिवशी क्रिकेटकडे पळाली, ही तिथंच चिकटली. जाडजूड जाकीट घालायचं, पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि समोरच्या कागदावरच्या टिकलीला छर्रा मारायचा. यात मजा काय आहे ते मला आजतागायत समजलेलं नाही. पण तिथून आल्यावर पोरगी घरात कोणाशी भांडत नाही, एवढं मला समजतं. तेवढ्यावर मी गप्प बसते.

गेल्या हिवाळ्यात तिला दिल्लीला निवड चाचणीचं बोलावणं आलं. ज्युनियर गटातली तिची ती शेवटची संधी होती. त्यानंतर वयामुळे ती मोठ्यांच्या गटात जाणार, आणि तिथं म्हणे नोकऱ्या लागलेल्या, वर्षानुवर्षं खेळणाऱ्या बाया असतात. ‘आत्ता झालं तर झालं, मम्मी,’ ती म्हणायची. जेवताना म्हणायची, केस विंचरताना म्हणायची. मला ते इतकं पाठ झालं होतं की भाजी निवडताना माझ्याही मनात तेच वाजत राहायचं.

एरवी ही पोरं रेल्वेनेच जातात. रायफल बाकाखाली, डबा मांडीवर, गप्पा मारत. पण या वेळी कॉलेजची प्रॅक्टिकल परीक्षा अगदी आदल्या संध्याकाळपर्यंत होती. रेल्वेने दिल्ली गाठेपर्यंत चाचणी आटपून लोक घरी गेले असते. म्हणून सकाळचं विमान. आणि सोबत मी, कारण नवऱ्याला रजा मिळाली नाही. विमानतळाला लागून असलेल्या आमच्या मुकुंदवाडीत राहणाऱ्या माणसाला विमानाचं काही कौतुक नसतं. रोज ते आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून जातं. पण आमच्या घरातल्या एकानेही ते आतून पाहिलेलं नव्हतं.

मग सुरू झाली चौकशी, आणि माझं डोकं फिरायला लागलं. आधी आम्ही पोलीस चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी तिची लांब पेटी, म्हणजे केस, उघडून बघितली, मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, ‘ताई, ह्याला लायसन लागत नाय. ह्यानं कबूतर बी मरत नाय. बिनधास्त घेऊन जा.’ मला हायसं वाटलं. घरी येऊन लेकीने विमान कंपनीला फोन लावला तर तिथली बाई म्हणाली, हे वेपन आहे. काउंटरवर सांगावं लागेल, खालच्या सामानात टाकावं लागेल, केसला कुलूप पाहिजे आणि ॲम्युनिशन वेगळ्या बॅगेत पाहिजे.

‘ॲम्युनिशन कसलं?’ मी विचारलं.

लेकीने छर्र्यांची चपटी डबी माझ्या हातात दिली. मसुरीएवढे शिशाचे तुकडे. ते माझ्या बॅगेत ठेवायचं ठरलं. म्हणजे माझ्या बॅगेत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि ॲम्युनिशन. चौकीत जे हत्यार नव्हतं ते विमानाच्या दारात हत्यार कसं झालं, हे मी दोन-तीन जणांना विचारलं. कोणालाच धड सांगता आलं नाही. लेक म्हणाली, ‘मम्मी, तू समजून घेऊच नको. तू फक्त सोबत चल.’

नातीला निरोप द्यायला आबा कन्नडहून एसटीने आले होते. कन्नडच्या पुढं त्यांचं खेडं आहे. आयुष्य मेंढरांमागं गेलं. आता मेंढरं मोजकीच राहिलीत आणि थोडी बाजरी, थोडा मका पिकतो. येताना धडप्यात बांधून आमच्यासाठी नवी बाजरी आणलेली. आल्या आल्या त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, ‘दिल्लीत थंडी लई आसंल. घोंगडी देऊ का?’ ती नको म्हणाली. त्यांना ते आवडलं नाही.

संध्याकाळी कोचचा फोन आला. लेकीने तो स्पीकरवर टाकून समोर ठेवला आणि ती एकेक गोष्ट करत गेली. या रायफलीला दाबलेल्या हवेचा एक छोटा सिलिंडर असतो. त्यातली हवाही काढून टाकायची असते. फुस्स करून ती हवा निघाली तेव्हा आबा दचकले. फोनमधून कोच बजावत होते, ‘सिलिंडर रिकामा. नळी रिकामी. नळीत दोरी घाल, म्हणजे रिकामी आहे हे दिसतं. पूर्ण रिकामी पाहिजे, कळलं का? ते उघडून बघतात.’ लेक प्रत्येक वेळी ‘हो सर, रिकामी, हो सर, रिकामी’ म्हणत होती. शेवटी तिने नारिंगी रंगाची एक जाड दोरी नळीतून आरपार ओवली आणि केस बंद केली.

आबा भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होते.

आमच्याकडे घरातून काही रिकामं जात नाही. शेजारणीचा डबा परत करायचा तरी चिमूटभर साखर टाकतो, आणि हे शहरातल्या बाया पण करतात. पण आबांच्या घरात हे फारच. माणसं मेंढरं घेऊन लांबच्या रानांना निघाली की काठीला खंडोबाचा भंडारा लावायचा, घोंगडीच्या कोपऱ्यात बाजरीचे दाणे बांधायचे आणि मगच पाऊल बाहेर टाकायचं. पुढं दाणे खायचे नसतात, फेकायचेही नसतात. ते नुसते सोबत असतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं. मग सवय झाली.

‘पोरगी येवढ्या लांब चालली,’ आबा म्हणाले, ‘अन् तिच्या हत्यारात वारा बी ठिवला नाय?’

लेक हसली. ‘आबा, तिथं गेल्यावर परत भरतात.’

‘तिथं कोण भरणार? आपलं हाय का कोणी तिथं?’

‘मशीन असतं आबा.’

‘आस्सं,’ ते म्हणाले. हे ‘आस्सं’ म्हणजे पटलं असं नसतं. पण सकाळच्या स्वयंपाकाची तयारी पडली होती, मी लक्ष दिलं नाही.

सकाळी निघताना त्यांनी केस उघडायला लावली. लेकीने उघडून दिली आणि ती बूट शोधायला गेली. आबांनी कनवटीची भंडाऱ्याची पिशवी काढली, पिवळी चिमूट रायफलीच्या दांड्याला लावली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मी पण हात जोडले. मग कुकरची शिट्टी झाली म्हणून मी आत गेले. त्यानंतर त्यांनी काय केलं ते मी पाहिलं नाही. परत आले तेव्हा केस बंद होती आणि आबा पटका बांधत होते.

रिक्षात आम्ही तिघं आणि आडवी केस. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, ‘क्या है आपा इसमें? बाजा है क्या?’

‘हाँ, बाजाच है,’ मी म्हणाले. मला सकाळी सकाळी त्याला समजावत बसायचं नव्हतं. लेकीने कपाळावर हात मारला.

विमानतळावर तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत. आबा म्हणाले, मी हितंच बसतो, इमान वर गेलं की जातो. ते बाहेर कठड्यावर बसले. लेक वाकली, पाया पडली. ‘आसं मार की दिल्लीवाले बघत ऱ्हायले पायजेत,’ ते म्हणाले.

काउंटरवरची मुलगी आमच्याच भागातली असावी, मराठीत बोलत होती. लेकीने हळू आवाजात सांगितलं, तर ती मोठ्याने म्हणाली, ‘वेपन डिक्लेअर करायचंय का?’ आमच्या मागची सगळी रांग एक पाऊल मागं सरकली. एका काकूंनी नातवाला जवळ ओढलं. मी त्यांच्याकडे बघून हसले, म्हणजे मी बरी बाई आहे हे त्यांना कळावं. त्यांनी नातवाला आणखी जवळ ओढलं. लेकीने फॉर्मवर सही केली की रायफल रिकामी आहे. तिचं जाकीट आणि खेळायचे बूट असलेली बॅग पट्ट्यावरून आत गेली. केस आणि माझी बॅग घेऊन आम्हाला एका लहान खोलीत नेलं.

तिथं एक टेबल आणि सुरक्षेचे दोन अधिकारी. त्यातला मोठा उत्तरेकडचा, पिकल्या केसांचा, झोप झाली नसावी असा. त्याने छर्र्यांची डबी बघितली, दशम्यांचा वास घेतला, मान हलवली. मग केस उघडायला सांगितली. लेकीने कुलूप काढलं आणि झाकण वर केलं. आतल्या काळ्या स्पंजवर भंडारा पसरला होता. पिवळंधमक.

‘ये क्या है?’

‘हल्दी है सर,’ मी म्हणाले. ‘पूजा की.’

‘अच्छा,’ तो म्हणाला. त्याला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, झालं, सुटलो. पण लेक केसकडे टक लावून बघत होती. ती नारिंगी दोरी नळीत नव्हती. ती नीट गुंडाळून बाजूच्या कप्प्यात ठेवलेली होती.

‘दोरी तू काढलीस?’ तिने मला विचारलं.

‘मी कशाला काढू?’

अधिकारी म्हणाला, ‘खाली है, दिखाओ.’ तिने ती दोरी घेतली आणि नळीत मागच्या बाजूने घातली. थोडी गेली आणि थांबली. तिने बाहेर काढली, पुन्हा घातली. पुन्हा थांबली. तिचा हात थरथरायला लागला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण या पोरीचा हात कधी थरथरत नाही, त्याच्याच तर जिवावर ती खेळते.

‘अंदर क्या है?’ अधिकाऱ्याचा आवाज बदलला होता. ‘लोडेड है?’

‘नहीं सर. खाली है.’

‘तो रस्सी क्यों नहीं जा रही? राइफल रखो. पीछे हटो. दोनों.’

आम्ही मागं हटलो, भिंतीला लागलो. तो धाकट्याला काहीतरी म्हणाला, धाकटा फोनवर बोलायला लागला. एक बाई आली, मग विमान कंपनीचा एक माणूस आला, मग आणखी एक साहेब आले. प्रत्येक जण आत यायचा, केसमधल्या पिवळ्याकडे बघायचा, मग आमच्याकडे बघायचा. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. नळीत काय असेल? लेकीचा छर्रा राहिला असेल का? ती ‘मम्मी, मी नीट बघितलं होतं, नीट बघितलं होतं’ एवढंच म्हणत होती. बाहेर दिल्लीच्या विमानाची सूचना झाली. ती सूचना आमच्यासाठी आहे हे समजायलाही मला वेळ लागला.

शेवटी लेकीने सांगितलं की कप्प्यात नळी साफ करायची सळई आहे. तिला हात लावू देईनात. पिकल्या केसांच्या अधिकाऱ्याने स्वतः सळई घातली आणि तिच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू ढकलली. नळीच्या तोंडातून आधी कापसाची लहान बोळी पडली. देवापुढच्या वातीचा कापूस. त्याच्यामागून पिवळी भुकटी. आणि मग पांढऱ्या टेबलावर टपटप दाणे सांडले.

अधिकाऱ्याने एक दाणा चिमटीत धरला, उजेडाकडे नेला.

‘ये कौन सा छर्रा है?’

‘बाजरी है,’ मी म्हणाले.

‘बाजरा? बंदूक में?’

आता हे हिंदीत कसं सांगायचं? मी सुरुवात केली. ‘हमारे में ना सर, घर से कुछ खाली नहीं भेजते. डब्बा भी नहीं भेजते.’ तो म्हणाला, ‘मैडम, पर ये तो खाली ही भेजना है. नियम ही ये है.’ मी म्हणाले, ‘वो बराबर है सर.’ तो म्हणाला, ‘फिर?’ मी म्हणाले, ‘फिर वो भी बराबर है.’ त्याने कपाळ चोळलं. विमान कंपनीच्या माणसाने फॉर्म पुढं केला आणि म्हणाला, रिकामी आहे अशी सही इथं आहे आणि रायफलीत तर वस्तू सापडली. कोणी टाकली?

मला माहीत होतं कोणी टाकली. कापूस बघताक्षणीच कळलं होतं. आबांनी दोरी काढली, नीट गुंडाळून ठेवली, दाणे सोडले आणि ते सांडू नयेत म्हणून वर बोळी लावली. इतकं निगुतीने केलेलं काम त्या घरात दुसरं कोण करणार? मी तोंड उघडलं. सांगितलं असतं मी. म्हातारा माणूस आहे, बाहेर बसलाय, त्याला विचारा, असंच म्हणणार होते.

‘मैंने डाला,’ लेक म्हणाली.

मी तिची बाही ओढली.

‘मैंने ही डाला, सर. घर का रिवाज है.’

अधिकाऱ्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याला खरं वाटलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण कंपनीच्या माणसाचं काम सोपं झालं. तिनेच सही केली, तिनेच टाकलं, तर तिच्या सहीवर आता विश्वास कसा ठेवायचा? रायफल या विमानात जाणार नाही. बाजरी टाकणं हा काही गुन्हा नाही, त्यामुळे माणसं जाऊ शकतात. पण रायफल इथून कोणीतरी सही करून परत न्यायची.

‘तू असं का सांगितलंस?’ मी तिला मराठीत विचारलं. विचारलं म्हणजे ओरडलेच.

‘मम्मी, त्यांना इथं बोलावलं असतं. या सगळ्यांच्या पुढ्यात उभं केलं असतं.’

‘आणि चाचणी?’

तिने डोळे पुसले, जाकीट पुढं गेलंय म्हणाली, बूट पुढं गेलेत, तिथं कोणाची तरी रायफल मागते. मागून आणलेली रायफल म्हणजे काय ते मला कोचकडून ऐकून माहीत होतं. दांडा खांद्याच्या मापाचा, गाल टेकायची जागा गालाच्या मापाची, सगळं तिच्या अंगावर बेतलेलं. ‘नको जाऊ,’ मी म्हणाले. लगेच म्हणाले, ‘जा.’ मला खरंच कळत नव्हतं मला काय हवंय. मी रायफल आबांकडे देऊन परत येते म्हटलं तर काउंटर बंद होत होता. मी माझ्या बॅगेतून दशम्यांचा डबा काढून तिच्या हातात कोंबला. ती आत गेली. पोरगी पहिल्यांदा विमानात बसणार, ती एकटी, आणि हातात नुसता डबा. मला रडू आलं आणि त्या परक्या लोकांपुढं मी रडले.

सही केली. त्या अधिकाऱ्याने सांडलेले दाणे गोळा करून प्लास्टिकच्या लहान पिशवीत घातले आणि पिशवी माझ्या हातात दिली. ‘आपका सामान,’ तो म्हणाला. चेष्टा करत नव्हता.

बाहेर येताना मी ठरवलं होतं की म्हाताऱ्याला आता चांगलं सुनवायचं. इतकी वर्षं मी त्यांच्यापुढं वर मान करून बोलले नाही, आज बोलणार होते. कोणी सांगितलं होतं? पोरीची सगळी वर्षं पाण्यात. मनातल्या मनात मी हे सगळं त्या लांबलचक दारापर्यंत म्हणत आले.

आबा कठड्यावरून उठले. माझ्याकडे बघितलं, केसकडे बघितलं.

‘पोरगी?’

‘गेली.’

‘अन् हे का मागं?’

मी काही बोलायच्या आत त्यांची नजर माझ्या हातातल्या पिशवीवर गेली. आतले दाणे पिवळे दिसत होते. त्यांनी ती पिशवी घेतली नाही. नुसती बघितली.

‘हे काढलं व्हय त्यांनी?’

‘हो.’

‘म्हणून नाय घेतलं?’

‘हो आबा. म्हणूनच नाही घेतलं.’

मनात जुळवून आणलेलं बाकी काहीच माझ्या तोंडून निघेना. ते परत कठड्यावर बसले. पटका काढून मांडीवर ठेवला. त्यांना मी उघड्या डोक्याने कधी बाहेर बसलेलं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. लेकीचा होता. मला तो आवाज नीट ऐकू येईना म्हणून मी स्पीकर लावला.

‘मम्मी, बसले मी. आता फोन बंद करायला सांगतायत. आबा आहेत का जवळ?’

मी आबांकडे बघितलं. त्यांनी हात हलवला. नाही म्हणून सांग.

‘नाहीत,’ मी म्हणाले. ‘चहा प्यायला गेलेत.’

‘बरं. त्यांना सांगू नको हं. बाजरीचं काहीच सांगू नको. मी आले की काहीतरी सांगते त्यांना.’

‘नाही सांगत.’

‘शप्पथ?’

‘शप्पथ,’ मी म्हणाले, आणि फोन बंद झाला. आबांनी मान हलवली, बरोबर बोललीस अशी. मग विमान उडालं. आम्ही दोघांनी वर बघितलं. ते आमच्या घराच्या बाजूला वळलं आणि लहान होत गेलं.

चाचणीत तिचं झालं नाही. हरियाणाच्या एका पोरीने आपली जुनी रायफल, छर्र्यांसकट, तिला दिली होती. दांडा लांब पडला, गाल टेकेना, शेवटी शेवटी थोडं जमायला लागलं तोवर मोजून मारायचे छर्रे संपले. हे तिने फोनवर सरळ आवाजात सांगितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, घासलेलीच परत घासली.

आबा खेड्याला गेलेच नव्हते. मेंढरं शेजाऱ्यावर सोपवून ते आमच्याकडेच थांबले. मी म्हटलं, जा, काळजी करू नका. ते म्हणाले, पोरगी आल्याबगर जात नाय.

ती आली, हातपाय धुतले, आबांच्या पाया पडली आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. मी चहा ठेवायला ओट्यापाशी उभी होते. मला दोघंही दिसत होते.

‘काय गं,’ आबांनी विचारलं, ‘का नाय घेतलं तुजं हत्यार इमानवाल्यांनी?’

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा अगदी साधा होता.

‘विमानच लहान होतं आबा,’ ती म्हणाली. ‘केस लांब पडली. मापात बसेना.’

‘लांब पडली?’

‘हो. खालच्या दारातून जाईना.’

‘मंग आडवी घालायची.’

‘घालून बघितली. तरी नाही.’ ती जरा अडखळली. ‘त्या दिवशी लोकांचं सामान पण जास्त होतं ना.’

‘व्हय, गर्दी व्हती,’ आबा लगेच म्हणाले. ‘म्या बघितलं ना भाईर बसून. लई सामान. ढकलगाड्याच्या ढकलगाड्या.’

‘हो ना.’

‘मंग तिथं कशानं खेळलीस?’

‘एका पोरीची घेतली.’

‘जमलं?’

‘नाही जमलं, आबा.’

त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला, उलटा करून बघितला, सोडला.

‘दुसऱ्याचं हत्यार हाताला बसत नाय,’ ते म्हणाले. ‘त्यात तुजा काय दोष. पुढल्या खेपंला मोठं इमान बघा.’

‘बघू,’ ती म्हणाली.

आबा उठले आणि चहा न घेताच गॅलरीत गेले. बराच वेळ आत आले नाहीत. लेक माझ्याजवळ ओट्याला येऊन उभी राहिली, एकदा गॅलरीकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘पटलं ना गं त्यांना?’

‘पटलं,’ मी म्हणाले.